मा. अध्यक्षांच्या परवानगीने

(स्मृतिव्याख्यानमालेत डिसेंबर २०२५च्या अखेरीस दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर डिसेंबरात इथं जमतो, त्यांनी आम्हाला नागरिकशास्त्र शिकवलं ते पुस्तकातून कमी आणि नोटिशींवरून जास्त. आठवीत असताना एकदा ते गावातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस वर्गात घेऊन आले. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद स्वीकारणे, असं एकेक वाचत शेवटच्या ओळीवर आले. ती ओळ तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' गुरुजींनी विचारलं, सभेला शंभर सभासद आलेत, साठ जणांना एक विषय मांडायचा आहे, आणि अध्यक्षांनी परवानगीच दिली नाही तर? आम्ही एका सुरात म्हणालो, साठ म्हणजे बहुमत, ते जिंकणार. गुरुजी हसले, नोटिशीची घडी घातली आणि खिशात ठेवली. उत्तर दिलंच नाही.

आज मी त्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये शोधणार आहे. वाट लांबची आहे, पण आपल्यापैकी निम्म्यांची मुलं तिकडेच असल्यामुळे फार परकी वाटू नये.

यंदा १ ऑक्टोबरला अमेरिकेचं संघराज्य सरकार बंद पडलं ते १२ नोव्हेंबरच्या रात्री उघडलं. ४३ दिवस. इतका लांबलेला शटडाउन आजवर कधी झाला नव्हता. लाखो कर्मचारी घरी बसले, तितक्याच जणांनी पगाराविना काम केलं. नोव्हेंबरात सुमारे ४ कोटी गरिबांची अन्नाची मदत अडकली. हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडू लागले म्हणून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. आपल्या वर्तमानपत्रांनी याचं वर्णन 'रिपब्लिकन विरुद्ध डेमोक्रॅट' असं केलं. ते चूक नाही, पण वरवरचं आहे. गावात दोन घरांचं भांडण बांधावर दिसतं. खरं कारण बहुतेकदा त्यातल्या एका घराच्या माजघरात असतं. भाऊबंदकी हा शब्द मराठीला कोणी शिकवावा लागत नाही. अमेरिकेतल्या कुलपाचा आणि तिथल्या स्थलांतर-धोरणाचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास हा माझ्या मते भाऊबंदकीचा इतिहास आहे.

आधी हे कुलूप आलं कुठून ते पाहू. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची १२ विधेयकं मंजूर व्हायला हवीत. ती सगळीच्या सगळी वेळेवर मंजूर झाली त्याला आता जवळजवळ तीस वर्षं झाली, १९९६ साली. एरवी सगळा कारभार तात्पुरत्या ठरावांवर, आपल्या भाषेत लेखानुदानावर. मंजुरीशिवाय सरकारी खात्यांनी खर्च करू नये असा कायदा १८८४चा आहे, पण शंभर वर्षं त्याचा अर्थ कोणी इतका कडक लावला नव्हता. मुदत टळली तरी कचेऱ्या चालू राहत, पैसे मागाहून मंजूर होत. १९८० साली बेंजामिन सिव्हिलेटी या महान्यायवाद्यांनी मत दिलं की नाही, मंजुरी नसेल तर कामच थांबवलं पाहिजे. झालं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची कुलूपबंदी ही मुळात एका वकिलाच्या अभिप्रायातून आली आहे.

आपल्याकडे असं का होत नाही, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. आपल्या राज्यघटनेत कलम ११६ने लेखानुदानाची सोय आहे हे एक, पण खरं कारण वेगळं. इथं ज्याच्याकडे लोकसभेत बहुमत तोच सरकार चालवतो. खर्च नामंजूर झाला तर सरकार पडतं आणि दुसरं येतं. तिथं राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, प्रतिनिधिगृह वेगळं, सिनेट वेगळं. कोणी पडत नाही. म्हणून कचेरी बंद पडते.

आता यातली गंमत पाहा. डिसेंबर २०१८मध्ये ३५ दिवसांचा शटडाउन सुरू झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन, सिनेट रिपब्लिकन, प्रतिनिधिगृहही रिपब्लिकन. त्याच वर्षी जानेवारीतल्या तीन दिवसांच्या बंदलाही तसंच, आणि यंदाही तसंच. सिनेटमध्ये चर्चा संपवायला १०० पैकी ६० मतं लागतात, त्यामुळे विरोधकांच्या हाती अडवण्याचं साधन असतं, हे मान्य. पण डिसेंबर २०१८ची तारीखवार हकीकत काय सांगते? १९ तारखेला सिनेटनं मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीचा पैसा वगळून तात्पुरता ठराव आवाजी मतानं मंजूर केला. मतमोजणीसुद्धा मागितली गेली नाही. राष्ट्राध्यक्ष सही करतील असंच सगळे धरून चालले होते. मग रेडिओ आणि टीव्हीवरच्या उजव्या भाष्यकारांनी ट्रम्प यांच्यावर शरणागतीचा ठपका ठेवला, प्रतिनिधिगृहातला फ्रीडम कॉकस नावाचा कडवा गट अडून बसला, आणि २० तारखेला ट्रम्प फिरले. ५.७ अब्ज डॉलर भिंतीसाठी मिळाल्याशिवाय सही नाही. २२ तारखेला कुलूप. भांडणात डेमोक्रॅट आले ते नंतर. पहिला घाव रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी रिपब्लिकन सिनेटच्या ठरावावर घातला होता.

त्या ३५ दिवसांत काय झालं? सीमेवरचे गस्तीचे जवान पगाराविना उभे राहिले. स्थलांतर न्यायालयं, म्हणजे बेकायदा राहणाऱ्याला परत पाठवायचं की नाही हे ठरवणारी न्यायालयं, अटकेतल्यांचे खटले सोडून बंद झाली आणि हजारो सुनावण्या पुढं गेल्या. स्थलांतर रोखण्यासाठी पुकारलेल्या बंदनं स्थलांतरितांना परत पाठवण्याचंच काम थांबवलं! शेवटी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर नियंत्रक कमी पडले, उड्डाणं खोळंबली, आणि त्याच दिवशी तडजोड झाली. मिळालं काय, तर १.३७५ अब्ज डॉलर. काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयानं सुमारे ३ अब्ज डॉलरचं उत्पन्न कायमचं बुडाल्याचा हिशोब मांडला. नंतर मागचा पगार मिळाला तो सरकारी नोकरांना. त्या कचेऱ्यांत कंत्राटदारामार्फत झाडू मारणाऱ्यांना आणि उपाहारगृह चालवणाऱ्यांना तो मिळण्याची सोय नव्हती. भाऊबंदकीत सामाईक विहिरीची मोटर बंद केली की भावांच्या आधी वाटेकऱ्याचं पीक जळतं.

मग हे शहाणीसुरती माणसं का करतात? सिनेटमधले रिपब्लिकन मिच मॅकॉनेल केंटकीचे. ते १९९५-९६चा आणि २०१३चा अशा दोन्ही शटडाउनचा दाखला देऊन म्हणत, खेचराच्या दुसऱ्या लाथेतून नवं काही शिकायला मिळत नाही. त्यांच्याच पक्षानं तिसरी लाथही खाल्ली.

याचं उत्तर माझ्या मते १० जून २०१४ या तारखेत आहे. तिथं थोडं थांबू.

त्याआधी वर्षभर, २७ जून २०१३ला, सिनेटनं स्थलांतर सुधारणेचं मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं होतं. चार डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन अशा आठ जणांनी बसून ते लिहिलं. चार रिपब्लिकनांत मॅकेन होते आणि आजचे परराष्ट्रमंत्री रुबिओही होते. सीमेवर २० हजार नवे जवान, ७०० मैल कुंपण, आणि कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे १ कोटी १० लाख लोकांना १३ वर्षांच्या वाटेनं नागरिकत्व. कोणालाच पूर्ण न आवडणारं, म्हणजे खरी तडजोड. १४ रिपब्लिकनांनी बाजूनं मत दिलं. प्रतिनिधिगृहातही ते मताला आलं असतं तर मंजूर झालं असतं असा बहुतेक जाणकारांचा अंदाज होता. ते मताला आलंच नाही.

इथं गुरुजींची नोटीस आठवा. तिथला सभापती आपल्या लोकसभेच्या अध्यक्षासारखा निदान दिसायला तटस्थ नसतो. तो उघडउघड बहुमतवाल्या पक्षाचा पुढारी असतो आणि विषयपत्रिका त्याच्या हाती असते. डेनिस हॅस्टर्ट सभापती असताना एक रिवाज रूढ झाला: सभागृहात बहुमत असून भागत नाही, सत्ताधारी पक्षातल्या बहुसंख्यांना हवं असेल तरच विषय मताला घ्यायचा. गणित करून पाहा. सभासद ४३५. सत्ताधारी २३० असतील तर त्यातले ११६ नको म्हणाले की उरलेल्या ३१९ जणांनी काय वाटेल ते म्हणावं. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, कोणी मोडला तर शिक्षा नाही. पण मोडणाऱ्या सभापतीची खुर्ची डळमळू लागते.

तर १० जून २०१४. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकनांचे दोन नंबरचे नेते एरिक कॅन्टर व्हर्जिनियात स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले. प्रायमरी म्हणजे उमेदवार ठरवण्यासाठीची पक्षांतर्गत निवडणूक. आपल्याकडे तिकीट दिल्लीतून येतं, तिथं गल्लीतून. डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकानं त्यांना हरवलं. कॅन्टर बेकायदा स्थलांतरितांना माफी देतील, हा प्रचार. खरं तर कॅन्टर सिनेटच्या विधेयकाचे समर्थकही नव्हते. आईबापांनी लहानपणी कागदपत्रांविना आणलेल्या मुलांविषयी थोडं मऊ बोलले होते, इतकंच. ब्रॅटना मतं पडली सुमारे ३६ हजार, कॅन्टरना २९ हजार. त्या ३६ हजार मतांनंतर ६८ सिनेटरांचं विधेयक गाडलं गेलं ते कायमचं.

आणि त्याच दिवशी, त्याच मंगळवारी, साउथ कॅरोलिनात लिंडसे ग्रॅहम आपली प्रायमरी आरामात जिंकले. हे ग्रॅहम विधेयक लिहिणाऱ्या आठ जणांपैकी एक! म्हणजे एका दिवशी दोन निकाल लागले. ज्यानं विधेयक लिहिलं तो जिंकला, ज्यानं लिहिलं नाही तो हरला. पण पक्षानं धडा कोणाचा घेतला? कॅन्टरचा. भीतीला एकच उदाहरण पुरतं. ग्रॅहमचा विजय आज कोणाला आठवतही नाही.

आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. व्हिप मोडला तर आमदारकी, खासदारकी जाते, म्हणून आपल्याकडे बंड करायचं तर गट घेऊन, विमानानं, हॉटेलात जाऊन करावं लागतं. २०२२ साली सुरत-गुवाहाटीमार्गे आपण ते पाहिलंच. तिथल्या बंडखोराला हॉटेल लागत नाही. तो पक्षातच राहतो, जागेवर बसून स्वतःच्या नेत्याला खाली खेचतो. केव्हिन मॅकार्थी यांना जानेवारी २०२३मध्ये सभापती व्हायला १५ फेऱ्या लागल्या, आणि त्या बदल्यात त्यांनी कबूल केलं की एकट्या सभासदालाही सभापती हटवण्याचा ठराव आणता येईल. सप्टेंबरात मुदत जवळ आली. कडव्यांना खूश करायला त्यांनी मोठी कपात आणि सीमेवरच्या कडक तरतुदी घालून ठराव आणला. त्यांचेच २१ जण विरोधात गेले, १९८ विरुद्ध २३२नं पडला. दुसऱ्या दिवशी डेमोक्रॅटांची मतं घेऊन त्यांनी सरकार चालू ठेवलं, आणि तीन दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांच्याच ८ जणांनी सगळ्या डेमोक्रॅटांच्या साथीनं त्यांना घालवलं. कुलूप टाळणं हाच गुन्हा ठरला.

जेम्स लँकफर्ड यांची हकीकत याहून करुण. ओक्लाहोमाचे सिनेटर, पक्के रूढिवादी. रिपब्लिकनांनीच अट घातली की युक्रेनला मदत हवी तर आधी सीमा. म्हणून ते चार महिने बसले आणि कित्येक वर्षांतलं सर्वांत कडक सीमा-विधेयक लिहून आणलं. सीमा-गस्तीच्या जवानांच्या संघटनेनं पाठिंबा दिला. मजकूर रविवारी, ४ फेब्रुवारी २०२४ला प्रसिद्ध झाला, बुधवारी पडला. त्यांना धरून चार रिपब्लिकनांची मतं मिळाली. निवडणुकीच्या वर्षात प्रश्न सुटणं ट्रम्प यांना नको होतं. पोरीचं लग्न जमवून आणावं आणि घरच्यांनीच मांडव मोडावा, तसं झालं.

डेमोक्रॅटांना मी सोडतोय असं समजू नका. स्थलांतरावर त्यांचीही घडी कधी बसलेली नाही. कामगार संघटना स्वस्त मजुरांना भ्यायच्या. २००७ साली बुश यांच्या पाठिंब्यानं आलेलं विधेयक सिनेटमध्ये अडकलं तेव्हा विरोधात मत देणाऱ्यांत बर्नी सँडर्स होते. आज तोच पक्ष दुसऱ्या टोकाच्या दबावाखाली आहे. जानेवारी २०१८चा बंद त्यांनी लहानपणी आलेल्या मुलांच्या संरक्षणासाठी ओढला आणि तीन दिवसांत सोडला. सरकार उघडण्याच्या विरोधात ज्यांनी मत दिलं त्यांत २०२०ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणारे वॉरेन, हॅरिस, बुकर, सँडर्स होते. यंदा मार्चमध्ये सिनेटमधल्या डेमोक्रॅटांचे नेते शूमर यांनी बंद टाळायला मत दिलं तर स्वपक्षीयांनीच त्यांना धारेवर धरलं. म्हणून ऑक्टोबरात ते ठाम राहिले. मुद्दा आरोग्यविम्याच्या वाढीव अनुदानाचा होता, तरी रिपब्लिकनांनी तो फिरवून स्थलांतरावर आणला: डेमोक्रॅटांना म्हणे बेकायदा लोकांना फुकट उपचार द्यायचेत. कागदपत्रं नसलेल्यांना ते अनुदान कायद्यानं आधीपासूनच मिळत नाही. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

९ नोव्हेंबरला डेमोक्रॅट गटातले आठ सिनेटर फुटले आणि कोंडी सुटली. या आठांची यादी मी निरखून पाहिली. २०२६ साली त्यांच्यापैकी एकालाही निवडणूक लढवायची नाही. दोघं निवृत्तच होताहेत. मत बदलायला शहाणपण लागतं की सुट्टी, हे तुम्हीच ठरवा.

आता आपल्या घरच्यांकडे वळतो. एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला आधी अमेरिकी कामगार खात्याचा पगाराविषयीचा दाखला लागतो. व्हिसाचं खातं अर्जदारांच्या शुल्कावर चालतं, म्हणून ते उघडं होतं. कामगार खातं अंदाजपत्रकावर चालतं, म्हणून त्याचा हा विभाग ऑक्टोबरचा जवळजवळ पूर्ण महिना बंद. एका खिडकीत माणूस बसलेला, पण त्याला दाखवायचा कागद दुसऱ्या बंद खिडकीतून आणायचा. पुणे-हिंजवडीतल्या कितीतरी घरांत त्या महिन्यात फोनवर काय बोलणं झालं असेल, ते मी सांगायला नको.

पण मला याहून जास्त बोचते ती जुनी गोष्ट. नोकरीवरच्या ग्रीनकार्डात कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५नं मंजूर झालं. दोन्ही पक्ष मिळून. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटनं त्याचं दुरुस्त रूप एकमतानं मंजूर केलं. दोन्ही सभागृहांनी हो म्हटलं! पण दोन मसुद्यांतला फरक मिटवून पुन्हा मताला घ्यायला कोणाला सवड झाली नाही, काँग्रेसची मुदत संपली, विधेयक संपलं. रांगेतल्या पोरांची पोरं २१ वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. त्यांतली कितीतरी तिकडं गणेशोत्सवात लेझीम खेळत वाढलेली.

या काँग्रेसमध्ये एक मराठी माणूसही बसतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, डेट्रॉइटचे डेमोक्रॅट. त्यांचं मराठी आत्मचरित्र इथल्या अनेकांनी वाचलं असेल. यंदा त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव आणला. तो रेटू नये म्हणून समजूत घातली ती त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासमोर आव्हान आहे तेही त्यांच्याच पक्षाच्या डाव्या बाजूनं, प्रायमरीत. बेळगावचा माणूस असला तरी गल्लीचा नियम तोच.

तर गुरुजींचा प्रश्न. साठ जणांनी करायचं काय? तिथल्या नियमात एक पळवाट आहे. २१८ सभासदांनी अर्जावर सह्या केल्या तर सभापतीची परवानगी लागत नाही, विषय थेट मताला येतो. मे २०१८मध्ये लहानपणी आलेल्या मुलांसाठी असा अर्ज निघाला. काढणारे तिघं रिपब्लिकनच होते: मायामीचे कुर्बेलो, कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातले डेनहॅम आणि व्हॅलेडेओ. सह्या झाल्या २१६. दोन कमी. नेतृत्वानं कुजबुजत, समजावत, दुसऱ्या दोन विधेयकांचं आमिष दाखवत त्या दोन सह्या अडवल्या. मग ती दोन्ही विधेयकं जूनमध्ये पडली. नोव्हेंबरात ते तिघंही निवडणूक हरले.

या महिन्याच्या १७ तारखेला पुन्हा एक अर्ज २१८वर पोचला. विषय आरोग्यविम्याचं तेच अनुदान, ज्यापायी ४३ दिवस गेले. शेवटच्या चार सह्या रिपब्लिकनांच्या, तिघं पेनसिल्व्हेनियाचे आणि एक न्यूयॉर्कचा. हे चौघं त्यांच्या पक्षातले शूर आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांचे मतदारसंघ अटीतटीचे आहेत. त्यांना प्रायमरीपेक्षा नोव्हेंबरच्या निवडणुकीची भीती जास्त. अर्जाची मुदत, नाताळची सुट्टी असं करत मतदान जानेवारीत होईल. वाढीव अनुदान ३१ डिसेंबरला संपतंय. आणि नोव्हेंबरात उघडलेल्या सरकारचा तात्पुरता ठराव ३० जानेवारीपर्यंतचा आहे.